खाली दिसणारी गल्ली

कुंभकोणम्‌हून दारासुरम्‌कडे जाताना डाव्या हाताला एक अरुंद गल्ली फुटते. त्या गल्लीच्या तोंडाशी दोन घरे शेजारी शेजारी उभी आहेत आणि दोहोंच्या मधून एक बोळ मागील केळीच्या बागेकडे जातो. पहिल्या घरात वेणुगोपाळ नामक आचारी राहत असे. दुसऱ्या घरात त्याचा मेहुणा जयकुमार राहत असे आणि दारासुरम्‌च्या मागांवरील रेशमी साड्या आणून नववधूंच्या मातोश्रींना विकत असे. वेणुगोपाळाची पत्नी वेंकटलक्ष्मी ही जयकुमाराची थोरली बहीण असल्यामुळे दोन्ही घरांतील शिव्या तिच्याच कानांवरून ये-जा करीत.

भांडणाचे मूळ एका दारात होते. जयकुमाराची साड्यांची खोली मुख्य घरापासून सुटी होती आणि तिला फणसाच्या लाकडाचे, आत उघडणारे एकच दार बोळाकडून होते. त्या दारासमोर, बोळाच्या दुसऱ्या बाजूस, वेणुगोपाळाची मोठी चूल होती. लग्नसराईत पंक्तीचा भात, रसम, सांबार अवघे तेथेच शिजे. काही वर्षांपासून ते दार अडकू लागले. आरंभी खांदा लावला की उघडे, पुढे लाथ लागे आणि अलीकडे तर दोन गिऱ्हाइकांनी हातभार लावल्याखेरीज ते हलेनासे झाले.

जयकुमाराने एके दिवशी वर्तमानपत्रात वाचले की कूपनलिकांनी फार पाणी उपसले म्हणजे भूमी खचते. ते वाचताक्षणीच तो बोळ ओलांडून आला.

"भावोजी, तुमचें बोअर भूमींतलें पाणी ओढतें. म्हणून भूमि बसते, भूमि बसली म्हणून माझी चौकट तिरकी होते, आणि चौकट तिरकी म्हणून माझें दार अडकतें!"

"म्हणूनच तुझ्या साड्या विकत नाहींत, हेंहि जोडून दे," वेणुगोपाळ डाळ घोटता घोटता म्हणाला.

"चेष्टा नको. मजजवळ प्रमाण आहे. आडी महिन्यांत लग्नें नाहींत. लग्नें नाहींत तर तुमचें पाणी उपसणें नाहीं. आणि त्या महिन्यांत माझें दार लोण्यासारखें उघडतें! याला काय म्हणतां?"

वेणुगोपाळाच्या हातातील रवी थांबली. आडीत, म्हणजे तमिळ आषाढात, दार उघडते हे त्यानेही डोळ्यांनी पाहिले होते.

बोअर हा वेणुगोपाळाचा प्राण होता. नळाला येणाऱ्या पाण्यात पंक्तीची पाने देखील धुऊन झाली नसती, मग स्वयंपाक तर दूरच. ते बंद झाले असते तर आचारी वेणुगोपाळ संपला असता आणि केवळ जयकुमाराचा भावोजी उरला असता. ही अवस्था त्याला मरणाहून कठीण वाटे.

प्रकरण भजनमठात गेले. तेथील प्रमुख मीनाक्षीबाई या मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. आपल्या गल्लीतील तमाम मराठी कुटुंबांना त्या अद्यापि आठवीच्या वर्गाप्रमाणे वागवीत. दोघांचे म्हणणे त्यांनी उभे राहूनच ऐकले, कारण बसल्या असत्या तर दोघेही बसले असते आणि मग उठले नसते.

"दोघांनीहि तोंडाची वाफ दवडूं नये," त्या म्हणाल्या. "माझी भाची अक्षया चेन्नईच्या संशोधनसंस्थेंत भूमि मोजते. आकाशांतून. ती निकाल देईल. भूमि खचत असली तर बोअर बंद. नसली तर, जयकुमारा, पुढल्या लग्नांत तूं कमरेला पंचा बांधून भावोजींच्या पंक्तीला ताक वाढायचें. मान्य?"

जयकुमाराला ताकाचा वासही सोसत नसे. तरी तो मान्य म्हणाला, इतका त्याचा आडी महिन्यावर भरवसा होता. वेणुगोपाळही मान्य म्हणाला. मीनाक्षीबाईंसमोर दुसरा शब्द त्याला आठवेना.

यथावकाश अक्षया आली. ती पुण्यात वाढलेली, चटपटीत मुलगी होती. तिची मराठी ऐकून गल्लीतील बायकांना आपण वर्तमानपत्र ऐकत आहो असे वाटे आणि यांची मराठी ऐकून तिला आपण एखाद्या जुन्या बखरीत जेवायला आलो आहो असे वाटे. वेणुगोपाळाच्या गच्चीवर तिने ॲल्युमिनियमच्या तीन पत्र्यांचा, एखाद्या अर्धवट उघडलेल्या पेटाऱ्यासारखा, चकचकीत कोपरा पक्का बसविला. आकाशातून उपग्रह आपली रडारची लहर खाली टाकतो, ती या कोपऱ्यावर आपटून थेट माघारी जाते आणि परतीच्या लहरीवरून जमीन केसभर उतरली तरी कळते, असे तिने समजाविले.

वेंकटलक्ष्मी त्या पत्र्यात पडलेले लखलखीत ऊन मोठ्या आशेने पाहत होती.

"मामी, याच्यात काही ठेवायचं नाही हं," अक्षयाने ओळखून सांगितले.

"सांडगेहि नाहींत?"

"सांडगे मुळीच नाहीत."

"आकाशांतून सांडगे दिसतात?"

"दिसत नाहीत, पण मोजमाप बिघडतं."

"एवढें ऊन वायां जातें, त्याचें मोजमाप कोणी करत नाहीं," वेंकटलक्ष्मी पुटपुटली.

वेणुगोपाळ मात्र चिंतेत होता. "पोरी, या तुझ्या उपग्रहाला अस्कें दिसतें?"

"अस्कें म्हणजे सगळं ना? हो, सगळं."

"रात्रीचें?"

"रात्रीचंही. ढगांतूनही. दर बाराव्या दिवशी सकाळी सहाच्या सुमाराला तो इथून जातो, आणि त्याला काही अडत नाही." मग हातांची धूळ झाडता झाडता ती पुढे म्हणाली, "फक्त एकच वैरी आहे आमचा, मामा. वाफ! हवेत पाण्याची वाफ फार झाली की जमीन खाली दिसते. मग बसा डोकं खाजवत."

एवढे बोलून ती जिना उतरली. वेणुगोपाळ मात्र त्या चकचकीत कोपऱ्यासमोर हात जोडल्यासारखा उभा राहिला.

येथे एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. या कुटुंबांचे पूर्वज तंजावरच्या भोसल्यांबरोबर आपली मराठी घेऊन इकडे आले आणि त्यानंतर तिकडची मराठी काय करीत आहे हे पाहायला कोणी परतले नाही. वेणुगोपाळाच्या घरात वरच्याच्या उलट ते खाल्ते. विहिरीत वाकून पाहावे ते खाल्ते आणि जिन्यावरून पडावे तेही खाल्तेच. आणि खाली म्हणजे रिकामे. हंडा खाली, खिसा खाली. बाजारात तमिळ बोलतानाही भाडेकरूने घर सोडले की घर खाली झाले, असेच सर्वत्र म्हणतात. तेव्हा हवेत वाफ झाली की जमीन खाली दिसते, या वाक्याचा वेणुगोपाळाने जो अर्थ घेतला तो त्याच्या दृष्टीने सूर्यप्रकाशाइतका स्वच्छ होता. वाफ असली म्हणजे उपग्रहाला जमीन रिकामी दिसते. तेथे काहीच नाही असे दिसते. घर नाही, बोअर नाही, अपराधही नाही!

आणि वाफ हा तर त्याच्या हातचा मळ होता.

आडी महिना आला. जयकुमाराचे दार लोण्यासारखे उघडू लागले. एरवी दिवसाकाठी दोनदा उघडायचे ते दार तो दहादा उघडू लागला आणि बोळात उभे राहून नुसतेच पुढे-मागे हलवू लागला.

"पाहिलें कां अक्का?" तो बहिणीला ओरडून सांगे. "करकर देखील नाहीं!"

"तें दार आहे, पाळणा नव्हे," वेंकटलक्ष्मी आतून म्हणे.

आडी सरला, लग्ने सुरू झाली आणि दार पुन्हा हट्टाला पेटले. दीपावलीनंतर सभा ठरली. तिच्या आधी अक्षयाचा मीनाक्षीबाईंना निरोप आला की येत्या गुरुवारी सकाळी उपग्रह जाईल, तेवढे चित्र हाती आले म्हणजे ती सर्व घेऊन सभेला येईल. मीनाक्षीबाईंनी तो निरोप दोघांनाही कळविला. ऐकताक्षणी वेणुगोपाळाने मनाचा निश्चय केला.

"गुरुवारीं आपल्याकडे सात हंडे पाणी उकळायचें," त्याने पत्नीस सांगितले.

"लग्न कोणाचें?"

"कोणाचेंहि नाहीं. नुसतें पाणी. त्याची वाफ वर जाईल आणि उपग्रहाला आपली जागा खाली दिसेल."

"खाली? रिकामी?"

"साफ रिकामी. घर नाहीं, बोअर नाहीं, जयकुमारहि नाहीं."

"माझा भाऊहि नाहीं?" वेंकटलक्ष्मीच्या डोळ्यांत पाणी आले.

"थोडक्या वेळापुरता."

तिने विचार केला. भाऊ थोडक्या वेळापुरता नाहीसा होणार असेल तर त्यात तिला फारसे वावगे दिसेना. "पण गच्चीवर चूल पेटवूं देणार नाहीं," तिने बजावले. "फरशी तडकेल. काय वाफ करायची ती खाल्ते बोळांत करा."

गुरुवारी उजाडण्यापूर्वीच बोळात सात चुली पेटल्या. कुंभकोणम्‌चे घडीव पितळी हंडे त्यांवर चढले. थोड्याच वेळात अशी वाफ उसळली की बोळाचे दुसरे टोक दिसेना. वेणुगोपाळ मोठा झारा घेऊन नुसते पाणीच भक्तिभावाने ढवळीत होता. दूधवाल्याने विचारले, "आज कोणाची पंक्त?" तर तो म्हणाला, "आकाशांतल्या पाहुण्याची," आणि पाहुण्याच्या दिशेने वर बोट केले. दूधवाल्याने दोन्ही घरांचे दूध वेंकटलक्ष्मीपाशीच ठेवले आणि तो झपाझप निघून गेला.

त्याच दिवशी सकाळच्या मुहूर्तावर साडी घेण्यास तिरुनागेश्वरम्‌हून वधूची आई येणार होती. म्हणून जयकुमारही पहाटेच उठून, रात्रीच उघडून ठेवलेल्या दाराने खोलीत शिरून, साड्या काढीत होता. समोरून वाफेचा लोट आत शिरताना पाहून तो दचकला. रेशमाला आणि जरीला ओल लागली तर सर्वनाश! त्याने आतून दार लोटून घेतले आणि खांद्याने गच्च दाबून बसविले.

सहा वाजले. वेणुगोपाळाने वर पाहून नमस्कार केला. दिसले काही नाही, कारण वाफेच्या वर ढगांनीही आभाळ भरून आले होते. तेवढ्यात समोरून धडधड असा आवाज आला.

"भावोजी! दार!"

"कोणतें दार?"

"माझें! उघडत नाहीं!"

"तूं तर आंत आहेस. आंतून ओढ."

"ओढतोंय कीं! गोंदानें डकवल्यासारखें झालें आहे! तुम्ही बोअर चालवलें कां?"

वेणुगोपाळाने सात हंड्यांकडे पाहिले. ते भरण्यासाठी त्याने बोअर चालविले होते खरे. "थोडकें," तो म्हणाला.

अखेर जयकुमार साड्यांचे गठ्ठे आत घ्यायच्या उंच खिडकीतून बाहेर आला. प्रथम दोन पाय आले, मग कमरेची वेष्टी खिळ्याला अडकली आणि मग वेष्टीविना उरलेला जयकुमार आला. नेमक्या त्याच वेळी तिरुनागेश्वरम्‌ची मंडळी बोळाच्या तोंडाशी पोहोचली होती. वधूच्या आईने तत्काळ तोंड फिरविले आणि साडी दुसरीकडे घेतली. त्या दिवसापासून जयकुमार भावोजींना पाण्यात पाहू लागला.

दीपावलीनंतर भजनमठाच्या ओसरीवर सभा भरली. पांढरी भिंत मोकळी करण्यासाठी विठोबाची तसबीर थोडी बाजूला सरकविली होती. अक्षयाने भिंतीवर पहिले चित्र पाडले. अवघ्या गल्लीवर, दोन्ही घरांवर, बोळावर, केळीच्या बागेवर लाल रंग पसरला होता.

"हे मागच्या गुरुवारचं," अक्षयाने आरंभ केला. "यात ही गल्ली बघा कशी खाली दिसते आहे..."

"खाली!" वेणुगोपाळ उडी मारून उठला. "ऐकलेंत अस्क्यांनीं? खाली! जिथें जागाच खाली आहे तिथें बोअर कुठलें आणि खचणें कुठलें? मीनाक्षीबाई, मी सुटलों! जयकुमारा, ताक वाढायला ये!"

जयकुमारास काही उमगेना, तो चित्राकडे आणि भावोजींकडे आळीपाळीने पाहू लागला. अक्षयाने कपाळाला आठी घातली आणि मग तिच्या ध्यानात आले. तिची आजी मूळची इथलीच होती.

"मामा," ती हळूच म्हणाली, "खाली म्हणजे रिकामी नाही. खाली म्हणजे... तुमचं ते खाल्ते."

वेणुगोपाळाच्या पायांखालची जमीन सरकली. ज्या गल्लीला त्याने सात हंडे लावून अदृश्य करण्याचा प्रयत्न केला, तिला तो आपल्याच हातांनी पाताळात ढकलीत होता तर! स्वतःचे लाकूड, स्वतःचे पाणी, स्वतःचा झारा!

"पाहा!" जयकुमाराच्या अंगात आता कुठे वारे शिरले. "खाल्ते गेली! उपग्रह बोलला! बोअर बंद!"

"थांबा!" वेणुगोपाळ दोन्ही हात वर करून म्हणाला. "हें बोअरचें पाप नव्हे, हें वाफेचें पाप आहे. आणि वाफ मीं केली. गुरुवारीं बोळांत सात हंडे उकळले ते पंक्तीचे नव्हते, मीनाक्षीबाई. उपग्रहाचे डोळे बांधायला होते. मला वाटलें, वाफेनें जागा रिकामी दिसेल. ही अस्की लाली माझ्या हातची आहे. भूमि निर्दोष आहे!"

मागच्या रांगेतून एक खुसखुस आली आणि मग मीनाक्षीबाईंचा आवाज आला, "वेणुगोपाळा, उभा राहा." तो उभाच होता. म्हणून तो आणखी ताठ झाला.

अक्षयाने ओठ चावून हसू आवरले आणि चित्र लहान केले. गल्ली आकसली, तिच्या भोवती कुंभकोणम् प्रकटले, तळी आणि गोपुरे प्रकटली, इकडे पट्टीश्वरम् आले, तिकडे तिरुनागेश्वरम् आले. सारे लालच लाल होते.

"मामा, एवढी वाफ करायची तर तुम्हाला तीन गावांच्या पंक्ती एकदम उठवाव्या लागल्या असत्या. तुमच्या सात हंड्यांची वाफ गच्चीच्या थोडी वर जाऊन विरून गेली. हा त्या सकाळचा पावसाळी ढग आहे."

"मग भूमि?"

"समजा, तुम्ही पट्टीश्वरम्‌ला भाजी आणायला सायकलवर माणूस धाडला. रोज तो ठरल्या वेळात परत येतो. आज उशीर झाला. तर पट्टीश्वरम् लांब सरकलं असं म्हणाल का?"

"छे! वाटेंत कॉफी प्यायला थांबला असेल."

"बरोब्बर. रडारची लहर वाफेतून जाताना तशीच रेंगाळते. तिला उशीर झाला की यंत्राला वाटतं जमीनच लांब गेली, म्हणजे खाल्ते गेली. हे चित्र मी मुद्दाम पहिलं आणलं होतं, एकाच चित्रावर विश्वास ठेवू नका हे सांगायला. तुम्ही दोघांनी पुरतं बोलू तरी कुठे दिलंत?"

"मग खरें कसें कळायचें?" मीनाक्षीबाईंनी विचारले.

"पुष्कळ दिवसांची चित्रं एकत्र करून, मावशी. माणूस रोज रोज तेवढीच कॉफी पीत नाही. वाफ कधी जास्त, कधी कमी, कधी इथे, कधी तिथे, म्हणून सगळी मिळून तिच्या चुका एकमेकींना खोडून टाकतात. जमीन मात्र खचत असेल तर आपली चाल सोडत नाही. ती मागे उरते."

तिने दुसरे चित्र पाडले. लाली मावळली. गल्लीवर शांत हिरवा रंग पसरला होता आणि गच्चीवरील तो पत्र्याचा कोपरा देवासमोरच्या निरांजनासारखा एका ठिपक्यात चमकत होता.

"भूमी खचत नाही," अक्षया म्हणाली. "दोन्ही घरं जिथल्या तिथे आहेत. बोअर निर्दोष."

वेणुगोपाळ मटकन खाली बसला. खाली म्हणजे खाल्ते.

परंतु जयकुमार उठून उभा राहिला. त्याचा चेहरा खरोखरच रडवेला झाला होता. "पोरी, तुझा उपग्रह शहाणा असेल. मी शहाणा नसेन. पण माझें दार अडकतें, हें तरी खरें कीं नाहीं? आडींत उघडतें, लग्नें आलीं कीं अडकतें. त्या गुरुवारीं यांनीं हंडे भरायला बोअर चालवलें आणि दार असें बसलें कीं मी... मी खिडकींतून..."

"तें अस्क्यांना ठाऊक आहे," मीनाक्षीबाई घाईघाईने म्हणाल्या.

"मग याला काय म्हणतां? कुठेंतरी पाणी मुरतें आहे!"

अक्षया काही म्हणणार होती, ती थांबली. "पाणी मुरतंय," तिने पुन्हा हळूच म्हटले. "मामा, गुरुवारचे ते हंडे बोळात नेमके कुठे होते?"

"जिथें नेहमीं असतात तिथें. चुलीपाशीं."

"आणि यांचं दार?"

"समोर. हात लांबवला तर लागेल."

अक्षया उठली. तिच्यामागे मीनाक्षीबाई उठल्या, म्हणून सभा उठली आणि सारी मंडळी गल्लीतून चालत बोळात येऊन उभी राहिली. त्या दिवशीही मोठ्या लग्नाची तयारी असल्यामुळे चुलीवर सांबार रटरटत होते आणि त्याची वाफ तिरकी होऊन, जणू रोजची ओळख असल्याप्रमाणे, थेट जयकुमाराच्या दाराकडे जात होती. अक्षयाने दारावर तळहात ठेवला. तो ओला झाला. तिने दाराच्या कडेला नखाने टोचून पाहिले. लाकूड भिजल्या पापडासारखे फुगले होते. चौकट मात्र तसूभरही तिरकी नव्हती.

ती हसू लागली. प्रथम तिने पदराने, नव्हे ओढणीने, तोंड झाकले, पण मग तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"जमीन नाही खचली," ती कशीबशी म्हणाली, "दार फुगलं आहे! आडीत लग्नं नाहीत, म्हणून पाणी उपसत नाहीत हे खरं. पण स्वयंपाकही होत नाही! वाफच नाही, म्हणून दार सुकतं आणि उघडतं. आणि गुरुवारी... गुरुवारी तर तुम्ही सात हंडे..."

तिला पुढे बोलवेना. उपग्रहाचे डोळे बांधण्यासाठी केलेली ती प्रचंड वाफ आभाळातल्या एकालाही न शिवता समोरच्या फणसाच्या दारात जाऊन मुरली होती.

"म्हणजे," जयकुमार सावकाश म्हणाला, "दोष भावोजींचाच."

"पण बोअरचा नाहीं," वेणुगोपाळ चटकन म्हणाला.

"दोष तर दोष."

"पैज भूमीची होती!"

"दार माझें आहे!"

"दोघेहि गप्प," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "वेणुगोपाळा, बोअर राहील. पण या चुलीवर पत्र्याचें धुरांडें चढव आणि त्याचें तोंड केळीच्या बागेकडे फिरव. जयकुमारा, सुताराला बोलावून दार तासून घे. आणि तूं ताक वाढणारच. भूमि खचली नाहीं."

"मी ताकाला शिवणार नाहीं," जयकुमाराने शेवटचा प्रयत्न केला.

"खिडकींतून उतरलास तेव्हां कशाकशाला शिवलास, तें मी कोणाला विचारूं?" वेंकटलक्ष्मी म्हणाली, आणि बोळात एवढा हशा उसळला की सांबारही क्षणभर वर आले.

पुढील लग्नात जयकुमार कमरेला पंचा बांधून, श्वास रोखून, पंक्तीला ताक वाढीत गेला. प्रत्येक पानापाशी तो एवढ्या लगबगीने पुढे सरके की पाहुण्यांना तो फार उत्साही वाढपी वाटला. वेणुगोपाळ पंक्तीच्या टोकाला हात मागे बांधून उभा होता. "ताक खाली झालें कां रे?" तो अधूनमधून विचारी. जयकुमार उत्तर देत नसे, कारण त्यासाठी श्वास घ्यावा लागला असता.

धुरांडे चढले. आता वाफ केळीच्या बागेवर जाते आणि दार भर लग्नसराईतही एका बोटाने उघडते. गच्चीवरचा पत्र्याचा कोपरा मात्र अक्षयाने तसाच ठेवला आहे, आणखी काही वर्षे मोजायचे म्हणून. दर बाराव्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास वेणुगोपाळ कॉफीचा पेला घेऊन गच्चीवर जातो आणि वर न पाहता आधी पेल्यावर डबरा, म्हणजे पेल्याखालची खोल वाटी, उपडा झाकतो. सात हंड्यांनी काही झाले नाही हे त्याला पटले आहे. तथापि, एका पेल्याची खात्री कोणी दिलेली नाही.

परवा वेंकटलक्ष्मी जिन्यावर येऊन ओरडली, "अहो, पेला खाली झाला असला तर द्या इकडे!"

त्याने झाकण काढून शेवटचा घोट घेतला, रिकामा पेला जपून फरशीवर टेकवला आणि म्हणाला, "झाला. आपल्या भाषेंतहि आणि पोरीच्या भाषेंतहि."